कुठल्या पेपरचे तुम्ही?

हायवेवर अपघात झालेला असतो. काचेचा चुरा, उलटी पडलेली एक चप्पल, बघ्यांचं कडं. तुम्ही गुडघा टेकून फ्रेम लावताय आणि मागून खांद्यावर हात पडतो. "ओ, कुठल्या पेपरचे तुम्ही?"

नोकरीतला फोटोग्राफर गळ्यातलं कार्ड पुढं करतो आणि पुन्हा कामाला लागतो. आपल्यासारख्या मुक्त छायाचित्रकाराची इथंच पंचाईत होते. "कुठल्याच नाही" म्हणावं, तर "मग कशाला काढताय?" हे ठरलेलं. ज्या दैनिकाला अधूनमधून फोटो जातात त्याचं नाव ठोकून द्यावं, तर ते खोटं. शिवाय त्या दैनिकाचा खरा माणूस पाच मिनिटांत तिथं टपकणार असतो. तालुक्याला स्टुडिओ थाटून सीझनला लग्नं आणि एरवी बातम्यांचे फोटो करणारे, किंवा मुंबई-पुण्यात या मोर्चातून त्या मोर्चात फिरणारे जे कुणी आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लोक आपल्याला काय समजतात आणि आपण कसं वागतो, यांतला संबंध मला बराच उशिरा कळला. तुम्हाला जरा लवकर कळावा.

त्या प्रश्नाचं उत्तर घरून निघतानाच तयार ठेवा आणि ते खरं ठेवा. "मी अमुक, फोटोग्राफर. बातमीसाठी काढतोय. अमक्या दैनिकाला पाठवणार आहे, घेतील का ते त्यांच्यावर." माझा अनुभव असा, की लोकांना पेपरच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं. हा माणूस कोण, फोटो कुठं जाणार आणि उद्या काही झालं तर याला गाठायचं कुठं, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून खिशात दहा-पंधरा कार्डं असू द्या, मराठीत छापलेली: नाव, गाव, मोबाइल नंबर. हमरीतुमरीवर आलेला माणूस हातात कार्ड पडल्यावर ते नीट वाचतो आणि त्याचा आवाज एक पट्टी खाली येतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. गाडीवर लाल अक्षरात 'प्रेस' लिहायचा मोह मात्र आवरा. आपल्याकडे ते टोल चुकवायला आणि नो पार्किंगमध्ये गाडी लावायला इतकं वापरलं गेलंय, की ते पाहून लोकांचा विश्वास वाढण्याऐवजी कमीच होतो.

पोलिसांच्या दोरीच्या आत जायचं तर अधिस्वीकृतीपत्रिका किंवा संस्थेचं पत्र लागेल. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला ते लागत नाही. तरीही ज्या दैनिकांना फोटो देता त्यांच्याशी झालेले ईमेल, छापून आलेली कात्रणं, मिळालेल्या मानधनाच्या नोंदी एका फाइलला लावून ठेवा. माध्यमकर्मींवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. त्यात वृत्तछायाचित्रकार आहे, पण कायमस्वरूपी किंवा कंत्राटी काम करणारा; नुसतं "मी फ्रीलान्सर" म्हणून भागेलच असं नाही. काश्मीरचा मुक्त छायाचित्रकार कामरान युसुफ याला सप्टेंबर २०१७ मध्ये अटक झाली, तेव्हा राष्ट्रीय तपास यंत्रणेने एक अजब युक्तिवाद केला होता. याने रुग्णालयाचं उद्घाटन वगैरे विकासकामं कधी टिपली नाहीत, तेव्हा हा खरा पत्रकारच नव्हे! मार्च २०१८ मध्ये त्याला जामीन मिळाला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपांतून मुक्त केलं. पण तोवर साडेचार वर्षं गेली होती.

दुसरा प्रश्न फोटो छापून आल्यावर येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जड असतो. "तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

३ डिसेंबर २०१२. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं ४९व्या स्ट्रीटचं स्टेशन. एका माणसाला कुणीतरी फलाटावरून रुळांवर ढकललं. आर. उमर अब्बासी हा मुक्त छायाचित्रकार त्याच फलाटावर होता. गाडी समोर आलीय आणि तो माणूस फलाटाची कड धरून वर यायला बघतोय, असा फोटो त्याच्या कॅमेऱ्यात आला. माणूस वाचला नाही. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क पोस्ट'ने तो फोटो पानभर छापला आणि हा माणूस आता मरणार, अशा अर्थाचा मथळा त्यावर चढवला. जगभरातून शिव्या पडल्या त्या अब्बासीला. त्याचं म्हणणं असं, की मोटरमनला इशारा मिळावा म्हणून तो फ्लॅश मारत धावत होता आणि हात देता येईल इतका जवळ तो नव्हताच. कुणी ते ऐकून घेतलं, कुणी नाही. मथळा त्याने लिहिला नव्हता, पानही त्याने लावलं नव्हतं.

या प्रकरणात सगळे त्या काही सेकंदांवर वाद घालतात. मला त्यानंतरचे तास महत्त्वाचे वाटतात. नोकरदार फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड संध्याकाळी डेस्कवर रिकामं होतं, त्यात त्याला फारसा आवाज नसतो. मुक्त छायाचित्रकाराचा फोटो 'सेंड' दाबेपर्यंत त्याच्या एकट्याचा असतो. आपल्या हातात असलेली ही जवळजवळ एकमेव सत्ता, आणि आपण ती घाईघाईने देऊन टाकतो, कारण दुसऱ्या कुणाचा फोटो आधी पोचेल ही धास्ती. असा जीवघेणा फोटो हाती आला तर पाठवण्याआधी फोन करा. कुठल्या पानावर, केवढा, कुठल्या मथळ्याखाली, हे विचारा. "चेहरा दिसणार नाही असा कापून छापणार असाल तरच देतो" असं सांगता येतं, आणि ते मेसेजमध्ये लिहूनही ठेवता येतं. डेस्कवरचा माणूस वैतागेल. वैतागू द्या. पुढच्या वेळी तोच तुमचा फोन आधी उचलेल, कारण बाकीचे काय पाठवतील याची त्याला खात्री नसते.

केव्हिन कार्टरची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. सुदानमधलं भुकेलं मूल आणि मागे टपून बसलेलं गिधाड. मार्च १९९३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फोटो छापला आणि त्या मुलाचं पुढं काय झालं, असं विचारणाऱ्या वाचकांची रीघ लागली. गिधाडाला हुसकलं होतं, मूल पुढं चालू लागलं होतं, पण ते अन्नकेंद्रापर्यंत पोचलं का ते माहीत नाही, असा खुलासा वर्तमानपत्राला काही दिवसांतच छापावा लागला. १९९४ मध्ये याच फोटोला पुलित्झर मिळालं. मानपत्रात कार्टरची ओळख मुक्त छायाचित्रकार अशीच आहे. त्याच जुलैमध्ये त्याने आयुष्य संपवलं. लोक याचा धागा थेट त्या फोटोला जोडून मोकळे होतात. माणसाचं आयुष्य इतकं सरळ नसतं. आपल्यापुरतं घ्यायचं ते असं, की वाचकांनी विचारलेला प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर फोटोग्राफरकडे अर्धंच होतं.

तेव्हा करायचं काय? मी स्वतःपुरता एक दंडक घालून घेतलाय. जखमी माणसाच्या सगळ्यांत जवळ मी असेन, तर कॅमेरा खाली. माझ्याआधी कुणी पोचून मदत करत असेल, तर कॅमेरा वर, पण त्यांच्या वाटेत न येता. १०८ला फोन झालाय का, हे मोठ्याने विचारायचं. कुणीच केला नसेल तर आपण करायचा. रुग्णवाहिका निघाली की नाव, वय, कुठल्या दवाखान्यात नेलं ते लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी तिथं एक फोन टाकायचा. एवढं केलं की त्या दुसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तुमच्यापाशी असतं. फोटोओळही नेमकी होते, हा वरचा फायदा.

सेबॅस्टियन डिसूझांना हा प्रश्न कुणी कशाला विचारेल? २६ नोव्हेंबर २००८ ला 'मुंबई मिरर'चे हे छायाचित्र संपादक समोरच्या ऑफिसातून सीएसटीत धावले आणि आडोशाला लपत त्यांनी दहशतवादी कसाबचे फोटो घेतले. हातात कॅमेऱ्याशिवाय काही नव्हतं. पुढं तेच फोटो न्यायालयात पुरावा झाले आणि त्यांनी साक्षही दिली. त्यातून आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट निघते. फोटो कधीही कोर्टात जाऊ शकतो हे धरूनच चाला. मूळ फाइल जशीच्या तशी जपा, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर ठेवा. पोलीस ठाण्यातून "कालच्या मोर्चाचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर द्या" असा तोंडी निरोप आला, तर नम्रपणे लेखी पत्र मागा. रीतसर नोटीस आली तर वकिलाला दाखवून ती पाळावी लागेल. पण ओळखीच्या साहेबांना खूश करायला म्हणून एकदा जरी फोटो दिलेत, तरी पुढच्या मोर्चात लोक तुम्हाला खबऱ्या समजतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

आता एक घरचं दुखणं. दुष्काळाचे फोटो आठवा. भेगाळलेली जमीन, तिच्यात उकिडवा बसलेला म्हातारा, कपाळावर आडवा हात, नजर आभाळाकडे. हा फोटो दरवर्षी छापून येतो, फक्त म्हातारा बदलतो. तो शेतकरी आभाळाकडे का बघतोय, तर आपण "बाबा, जरा वर बघा" म्हणालो म्हणून. एप्रिल-मेमध्ये आटलेल्या विहिरीवर हंडा भरून निघालेल्या बाईला "ताई, एकदा परत मागे जाऊन या ना" असं मीही म्हटलेलं आहे. ती गेली. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तो उतार ती दुसऱ्यांदा चढली, मला उजेड बरा मिळावा म्हणून. फोटो छापून आला, चांगला होता. पाण्याच्या हालांची बातमी करायला गेलेल्या माणसाने एका बाईचे हाल एका खेपेने वाढवले, हे मला घरी परतताना एसटीत सुचलं, आणि नंतर तिला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

पोज देणं सरसकट पाप नाही. माणूस समोर बसून कॅमेऱ्याकडे बघतोय, हे वाचकाला दिसतं आणि कळतंही. तिथं फसवणूक होत नाही. घडलेलं पुन्हा घडवून आणणं आणि ते आत्ता घडतंय असं भासवणं, हे टाळायचं. वृक्षारोपण संपल्यावर आलेल्या फोटोग्राफरसाठी रोप उपटून पुन्हा लावतात, तसं. क्षण चुकला तर चुकला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आला. लाल टोप्यांचा समुद्र तर सगळ्यांनीच टिपला, पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले ते सोललेले, फुटलेले तळपाय. त्यासाठी कुणाला काही करायला सांगावं लागलं नव्हतं. चालणारी माणसं विसावली तिथं खाली वाकून बघावं लागलं होतं.

संगणकावरच्या करामतींबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २००६ मध्ये अदनान हज या लेबनीज मुक्त छायाचित्रकाराने बैरुतवरचा धूर क्लोन करून दाट केला. रॉयटर्सने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. सीरियात काम करणाऱ्या नार्सिसो काँत्रेरासने एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. आदल्याच वर्षी पुलित्झर मिळालेल्या चमूत तो होता. जानेवारी २०१४ मध्ये एपीने त्याला काढलं. बाकीचे जवळपास ५०० फोटो तपासले, ते निर्दोष निघाले, तरी तेही संग्रहातून गेले. कोपऱ्यातला कॅमेरा राहिला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. उजेड-अंधार थोडा सावरा, तिरका फोटो सरळ करा, कडा कापा. फोटोत काही घालायचं नाही आणि काही पुसायचं नाही.

बलात्कार आणि लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत ढिलाई चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, 'पोक्सो'चं कलम २३, बाल न्याय कायद्याचं कलम ७४: पीडितेची, मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. 'काहीही'मध्ये चेहरा तर आलाच, पण शाळेचा गणवेश, दारावरची पाटी, अंगणातल्या गाडीचा नंबर आणि शेजारच्या देवळाचा कळससुद्धा आला. वीस घरांच्या वाडीत पाठमोरी आई दाखवली तरी मुलगी कळते. "घरच्यांनी हो म्हटलं" ही सबब कायद्यात बसत नाही. अशा ठिकाणी चौकीची पाटी किंवा न्यायालयाची इमारत घेऊन यावं. फोटो कंटाळवाणा होईल, होऊ द्या. आत्महत्येच्या बातमीतही झाड, दोर, कीटकनाशकाची बाटली नको; प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये यासंबंधीची जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वं स्वीकारली आहेत. आणि नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी विधवेला बसवणं आता पुरे. ती बाई शेत बघते, सोसायटीच्या कर्जाचे कागद घेऊन फिरते. तिला तिथं भेटा.

गावात आपली प्रतिमा बिघडते ती मात्र यांपैकी कशाने नव्हे. ती बिघडते पाकिटाने. आमदारांच्या वाढदिवसाचं शूटिंग तुम्ही पैसे घेऊन करता, अल्बम देता, फ्लेक्सला फोटो देता. धंदा आहे, करावा. पण त्याच कार्यक्रमाचा फोटो संध्याकाळी बातमी म्हणून दैनिकाला पाठवता, तेव्हा गर्दी कुठून भरलेली दिसेल हे कुणी ठरवलेलं असतं? रिकाम्या खुर्च्या वगळणारी फ्रेम कुणाच्या पैशाची? ज्या कार्यक्रमाचे पैसे आयोजकाकडून घेतले, त्याचा फोटो बातमीसाठी द्यायचा नाही, किंवा डेस्कला तसं स्पष्ट सांगून द्यायचा. पत्रकार परिषदेतली भेटवस्तू दारातच परत करायची. सुरुवातीला लोक "फार शिष्ट झालाय" म्हणतात. दोनेक वर्षांत मात्र दोन्ही पक्षांची माणसं तुम्हाला बोलवायला लागतात.

मुंबईतल्या विमानतळावर आणि जिमच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांकडे बातमीचे फोटोग्राफर नाकं मुरडतात. सामान्य माणसाला हा फरक दिसत नाही, त्याच्या लेखी सगळे एकच. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भटचा घरात बसलेला फोटो शेजारच्या गच्चीवरून काढला गेला, तेव्हा आपल्या सगळ्यांच्याच लेन्सकडे लोक संशयाने बघू लागले. उंबरठ्याच्या आतलं परवानगीशिवाय घ्यायचं नाही, मग घर नटीचं असो की पूरग्रस्ताचं. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, यांनी १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला आणि २०१२ मध्ये जाईपर्यंत पुन्हा धंद्यात आल्या नाहीत. नव्या फोटोग्राफरांची धसमुसळी वागणूक त्यांना सोसवली नव्हती. आणि तेव्हा अजून मोबाइलसुद्धा नव्हते!

श्रेयाचं म्हणाल तर ते मागूनच घ्यावं लागतं. व्हिएतनाममधल्या नापाम हल्ल्याच्या १९७२च्या जगप्रसिद्ध फोटोवरून २०२५ मध्ये 'द स्ट्रिंगर' नावाचा माहितीपट आला. तो फोटो एपीच्या निक उटचा नसून वीस डॉलर घेऊन गेलेल्या एका स्थानिक स्ट्रिंगरचा आहे, असा त्याचा दावा. एपीने श्रेय बदललेलं नाही, वर्ल्ड प्रेस फोटोने मात्र ते स्थगित केलं. खरं काहीही असो, पन्नास वर्षांनी भांडायची वेळ नको असेल तर फाइलमध्ये नाव, तारीख, ठिकाण भरूनच ती पाठवा, आणि एकदाच छापायला देताय की कायमचा, हे त्याच ईमेलमध्ये लिहा. आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा. कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो पैसे देणाऱ्याचा.

हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, कारण ते एका रात्री अचानक कामाला येतं. डेस्कवरून फोन येतो: अपघातात गेलेला मुलगा तुमच्या तालुक्यातला आहे, त्याचा एखादा फोटो मिळेल का? मिळेल की. गेल्या मेमध्ये त्याच्या बहिणीचं लग्न तुम्हीच केलेलं असतं. हार्ड डिस्क लावली, फोल्डर उघडलं, वरातीत नाचणारा तो सापडला, कापला, पाठवला. पाच मिनिटांचं काम. पण ते फोटो त्या घराने पैसे देऊन काढून घेतलेले, लग्नासाठी. तुमच्यापाशी ते राहिलेत एवढंच. अशा वेळी त्या घरी फोन करायचा नाही. जायचं. दारात चपला काढून बाहेरच्या माणसांत बसायचं, आणि घरातला कुणी शहाणासुरता चुलता-मामा बाजूला आला की त्याला विचारायचं, पेपरात फोटो दिला तर चालेल का, आणि कुठला द्यायचा. बहुतेक वेळा ते हो म्हणतात, आणि वरातीतला नको, कॉलेजच्या फॉर्मवरचा द्या म्हणतात. नाही म्हणाले, तर डेस्कला कळवायचं, फोटो नाही. दशक्रियेच्या आधी त्यांचाच फोन येतो, भिंतीवर लावायला एखादा मोठा करून द्याल का म्हणून. त्याचे पैसे घेऊ नका.